तांदळाचं धुवण

३ मार्च

पहाटे जाग आली ती एका आवाजाने. पितळी पातेल्यातलं पाणी कोरड्या मातीवर पडतं तो आवाज. आधी ‘छळ्ळ’, आणि मग माती पाणी पिते तेव्हाची ती बारीक चुरचुर. उठून अंगणात गेलो. अंगण कोरडं ठणठणीत. माझ्या बायकोला, गौरम्माला, जाऊन दोन वर्षं होत आली; कानांना मात्र अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

पस्तीस वर्षं रोज सकाळी ती तांदूळ धुवायची आणि ते धुवण घेऊन बाहेर यायची. जास्वंदीला नाही, तुळशीला नाही, थेट भिंतीकडेच्या हातभर चौकोनी खड्ड्यात ओतायची. त्या खड्ड्यात काळा चुरा होता. मीटरच्या डब्याकडून भिंतीवरून उतरलेली एक जाड उघडी तार त्यात गेलेली. तिथे कधी एक पातं उगवलं नाही. मी म्हणायचो, “अगं, इथे काय मोती पिकणार आहेत?” ती म्हणायची, “नीरु हाकबेकु.” पाणी घातलंच पाहिजे. ती कानडीत बोलायची, मी मराठीत उत्तर द्यायचो. ‘का’ एवढं विचारायचं मात्र राहून गेलं.

आमच्याकडे नळाला पाचव्या दिवशी पाणी. अशा गावात रोज पातेलंभर पाणी मातीला देणारी बाई म्हणजे मला चालतीबोलती कविता वाटायची. तेही तिला सांगायचं राहिलं.

६ मार्च

ठरलं. सात एप्रिलला मला पंचाहत्तर पूर्ण होतात. सदुसष्ट सालच्या आमच्या मॅट्रिकच्या वर्गातले सहाजण उरलोय. त्या संध्याकाळी सगळ्यांना अंगणात बोलवायचं, पायातलं काढून फरशीवर ऐसपैस बसायचं, आणि शाळेत पाठ केलेल्या कविता एकेकाने म्हणायच्या. पुस्तक उघडायचं नाही.

मी काही मास्तर नव्हतो. शाळेत कारकून होतो, एकतीस वर्षं. माझं टेबल मराठीच्या वर्गाच्या भिंतीला लागून. पलीकडे मुलं बाकं बडवत वृत्त म्हणायची, “लगागा लगागा लगागा लगागा”, आणि अलीकडे मी त्याच ठेक्यात दाखल्यांवर शिक्के मारायचो. भुजंगप्रयात माझ्या बोटांत बसलं ते असं. अजूनही कुठे थांबावं लागलं की मी सेकंद मोजत नाही, तेच मोजतो.

जुन्या बाजारातून एक लोखंडी खांब आणलाय. पुरुषभर उंच, डोक्यावर कंदिलासारखी काच. अंगणात फरशी, मध्ये हा खांब, त्याला टेकून दगडी बाक. शाळेच्या फाटकाशी अस्साच दिवा होता.

८ मार्च

गवंडी येऊन शहाबादी फरशी बसवून गेला. भिंतीकडेचा खड्डा नेमका आडवा येत होता. थोडा वेळ मन होईना. मग म्हटलं, माणूस काय खड्ड्यात राहतं? मुरूम भरून बुजवला, वर फरशी. ती जाड तार मधेच लोंबत राहिली, ओंगळ दिसत होती. पकडीने मीच कापली. टाकून दिली नाही. मधुमालतीचा वेल कमानीवर बांधायला अगदी मापाची झाली.

मायाक्का भांडी घासता घासता बघत होती. गौरम्मा होती तेव्हापासून, सोळा वर्षं ती आमच्याकडे धुणंभांडी करते आणि पाण्याच्या दिवशी संध्याकाळी परत येऊन पिंपं भरते. माहेर सांगोल्याकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. उन्हात काय, ओल्यात काय, पाय कायम अनवाणी.

“अप्पा, बाई पानी घालायच्या की तितं. बुजवलं व्हय?”

“तिथे काय उगवत होतं का, मायाक्का?”

“उगवत न्हवतं. पर बाई खुळी बी न्हवती.”

११ मार्च

मकदूमशी भांडण झालं. लिहिताना लाज वाटते, पण इथे तरी खरं लिहावं.

हे घर अठ्ठ्याऐंशी साली बांधलं तेव्हा सगळी वायरिंग त्याच्या वडिलांनी केली. मकदूम तेव्हा त्यांची शिडी धरायचा. आता तो साठीचा आहे, स्वतःचं लायसन्स आहे. खांबाला दिवा जोडायला त्याला बोलावलं तर तो खांबाकडे बघेचना. आधी अंगण फिरला, कोपऱ्यातली पाण्याची मोटर पाहिली, तिच्या बुडाशी हात लावून वास घेतला.

“अप्पा, मोटर किती जुनी?”

“तुला दिवा जोडायला बोलावलंय.”

“तेच सांगतो की. बाहेरचं काम घरातल्यासारखं होत नाही. वायर जमिनीखालून, पाइपातून, अडीच फूट खोल. वर वाळू, विटा. खांबाच्या डब्याला पाणी शिरणार नाही असं झाकण. मेनला ब्रेकर, करंट जरा कुठं गळाला की पापणी लवायच्या आत पडणारा. आणि पहिलं म्हणजे अर्थिंग. ती धड आहे का बघायला ही फरशी एक-दोन ठिकाणी उचलावी लागंल.”

तीन दिवसांची फरशी! मी म्हटलं, “फरशीला हात लावायचा नाही.”

“मग माझी सही नक्को,” तो म्हणाला. “टेस्ट रिपोर्टवर माझा नंबर पडतो. न बघता मी सही करत नाही.”

“एका दिव्यासाठी एवढं? मकदूम, तू तेव्हा शिडी धरून उभा होतास, अजून तिथेच उभा आहेस.”

त्याने हत्यारांची पिशवी उचलली. चहा समोर ठेवला होता, तो तसाच राहिला. दारात वळून एवढंच म्हणाला, “अप्पा, नियम काय आमच्या पोटासाठी केलेले नसतात. कुणीतरी मेलेलं असतं, मग नियम होतो.”

साध्या वायरमनने मला वर्गात उभं केल्यासारखं वाटलं. दिवसभर चिडचिड.

१३ मार्च

येडू नावाचा फिटर मिळाला. चिंचोळीच्या एका कारखान्यात कामाला असतो, सुटीच्या दिवशी अशी कामं करतो. हसरा माणूस. दोन तासांत काम संपलं. वायर फरशीच्या सांध्यातून नेली, वर सिमेंट थापलं. खांबाची हिरवी वायर मोटरच्या हिरव्या वायरीला जोडली.

“घराला अर्थिंग हाय ना, अप्पा?”

“घर बांधल्यापासून आहे.”

“मग टेन्शनच नाही हो.”

सोसायटीच्या सेक्रेटरीला बाहेरच्या कामाचा टेस्ट रिपोर्ट लागतो. येडूने तोही आणून दिला, कुण्या ओळखीच्या कंत्राटदाराच्या सहीशिक्क्याचा. आकडे भरलेलेच होते. अर्थिंगसमोर ‘योग्य’. तो कंत्राटदार माझ्या अंगणात कधी आलेला नाही. एकतीस वर्षांत मी वही न पाहता एकाही दाखल्यावर शिक्का मारला नाही. आज हा कागद दोनदा वाचला आणि घडी घालून फायलीत ठेवला.

१८ मार्च

आज संध्याकाळी मी खांबाखाली तासभर बसलो. सोनेरी उजेड, फरशीवर मधुमालतीची सावली. नळाला पाणी आलं होतं. मायाक्का मोटर लावून पिंपं भरत होती, सगळं अंगण ओलं. मी खांबाला हात टेकवून एक जुनी कविता आठवत होतो, तर तळहातातून कोपरापर्यंत एक झिणझिणी गेली. शाळेत सर चढ्या आवाजात कडवं म्हणायचे तेव्हा भिंतीतून अशीच यायची. या वयात ती पुन्हा यावी! डोळे भरून आले.

२३ मार्च

मायाक्का म्हणते खांब चावतो.

“चावतो म्हणजे?”

“म्हंजी चावतो. मुंगळ्यावानी. मगाशी हांडा उचलताना कोपर लागलं. आमच्याकडं मेंढरू बी असल्या खांबाजवळ जात न्हाय, अप्पा. वर काचेवर बगा, चिमनी बी बसंना झाली.”

मी म्हटलं, लोखंड उन्हाने तापतं, ओल्या हाताला तसं वाटतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच नजर काढून घेतली.

२४ मार्च

सकाळीच जाऊन खांब धरला. चांगला दोन्ही हातांनी. दिवाही लावून पाहिला. काही नाही. थंडगार लोखंड. मायाक्काला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, “आज न्हाय चावनार.” आणि भांडी घासायला बसली.

आज नाही म्हणजे?

२८ मार्च

पुन्हा झिणझिणी. या वेळी जोराची. हात आपोआप मागे आला. कवितेने हात मागे येत नाही.

३० मार्च

ही वही मागे चाळली. अठरा, तेवीस, अठ्ठावीस. तिन्ही पाण्याचे दिवस. तिन्ही दिवशी मोटर चालू होती. मायाक्काला लिहिता येत नाही, आणि तिला हे सात दिवसांपूर्वी कळलं होतं.

पुढचा पाण्याचा दिवस दोन तारीख. त्याच्या पुढचा सात. सात तारखेला सहा म्हातारे इथे अनवाणी बसणार आहेत.

मकदूमला फोन लावायला घेतला. मग मनात आलं, तो येणार, मान हलवणार, फरशी फोडणार. आठ दिवसांवर कार्यक्रम. अंगणभर मुरूम आणि खड्डे. आणि ‘सांगितलं होतं की’ असं तो म्हणणार नाही, हे तर जास्तच झोंबेल. सात तारखेला मोटर लावायचीच नाही, आठला त्याला बोलावायचं, असं ठरवलं. दोन तारखेला मायाक्काला सांगीन, खांबापासून लांब राहा, पायात काही घाल.

घालणार काय? दारामागे गौरम्माच्या निळ्या रबरी चपला आहेत. दोन वर्षं तिथेच आहेत. त्या उचलून द्याव्या असं वाटलं आणि मग वाटलं, त्या तिथेच बऱ्या.

२ एप्रिल

सरळ लिहितो.

संध्याकाळी सहाला पाणी आलं. मायाक्काला मी सांगितलं, “खांबाला हात लावू नको.” ती म्हणाली, “व्हय, म्हाईत हाय की मला.” मी बाकावर वही घेऊन बसलो. सहाजणांत कुणी कुठली कविता म्हणायची ते लिहीत होतो. ती भरलेला हंडा घेऊन वळली, ओल्या फरशीवर पाय सरकला, आणि पडताना माणूस जे जवळ असेल ते धरतं. तिने खांब धरला.

ती ओरडली नाही. हंडा पडला त्याचा आवाज झाला, तिचा नाही. हात सुटत नव्हता. मान मागे गेली होती.

मला ठाऊक होतं काय झालं आहे. तरी मी उभा राहिलो. माझ्या डोक्यात, देवाशपथ लिहितो, लगागा लगागा लगागा लगागा असं एकदा पूर्ण झालं. पूर्ण एक ओळ. मग मी आत धावलो आणि मेन स्विच पाडला.

ती पडली, बाकाच्या कोपऱ्यावर डोकं आपटलं. शेजारच्या राहतने रिक्षा आणली. तिला सरकारी दवाखान्यात नेलंय. श्वास चालू आहे.

एका ओळीत किती वेळ जातो, हे आजवर मी कधी मोजलं नव्हतं.

३ एप्रिल

दवाखान्यात गेलो. आत सोडलं नाही. डाव्या तळव्याला भाजलंय, डोक्याला टाके आहेत, छातीवर वायरी लावून ठेवलंय. काळीज नीट चालतंय का ते तीन दिवस बघणार म्हणतात.

तिचा नवरा बिरुदेव बाहेर व्हरांड्यात उकिडवा बसला होता. मी जवळ गेलो. तो उठला नाही.

“ती तुमाला सांगत हुती की, अप्पा. घरी येऊन मला बी सांगायची. खांब चावतो, आनि अप्पा म्हनत्यात ऊन हाय.”

मी त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसलो.

“तुमच्या घरात आता आमचं कोन पाऊल ठेवनार न्हाय,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

४ एप्रिल

मकदूमला फोन केला. दहा मिनिटांत आला. भांडणाचा शब्द नाही. मी समोर उभा राहून म्हटलं, “फरशी फोड.”

आधी त्याने मोटर उघडली. आतलं वेटोळं जळून काळं झालं होतं, करंट मोटरच्या अंगावर येत होता. “हा कधीपासूनचा असंल,” तो म्हणाला. “पण अर्थिंग असती तर सगळा जमिनीत गेला असता. हिरव्या वायरीतून खांबात आला, आणि खांबातून जायला त्याला वाट नव्हती.” मीटरच्या डब्याखाली त्याने बोट ठेवलं. कापलेल्या तारेचं टोक. “ही कुणी तोडली?”

“मी.”

“आणि खड्डा?”

मी फरशी दाखवली. त्याने छिन्नीने ती उचलली, मुरूम उपसला. खाली काळा चुरा. मुठीत घेऊन त्याने तो माझ्यासमोर धरला. कोरडा, राखेसारखा.

“कोळसा आणि मीठ. खाली तांब्याची पट्टी. अब्बांनी हाच खड्डा खणलाय, मी शिडी खाली ठेवून पाट्या उचलल्यात. आपली जमीन कोरडी, मुरमाड. खड्डा वाळला की अर्थिंग मेली. म्हणून अब्बांनी गौरम्माक्कांना बोलावून सांगितलं, याला रोज पाणी पाजा. अक्कांनी विचारलं, किती दिवस? अब्बा म्हणाले, घर आहे तोवर.”



पस्तीस वर्षं ती एका पातेल्याने घर राखत होती. पाणी पाचव्या दिवशी येतं म्हणून ताजं पाणी घालणं परवडेना, तर तिने तांदळाचं धुवण काढलं असणार. आणि मी त्यात उपमा शोधत होतो. तिचे हात ओले असताना तिने कितीदा ती मोटर लावली असेल.

मकदूमने कमानीवरून तार सोडवायला घेतली. वेल दोन ठिकाणी तुटला. तो म्हणाला, “ही आता चालणार नाही, नवी टाकतो,” आणि जुनी नीट गुंडाळून भिंतीशी ठेवली. मग दाराकडे बघत विचारलं, “बाई अनवाणी होती ना? त्या चपला कुणाच्या?”

ते मी सांगितलं नाही.

५ एप्रिल

येडू आला होता. चेहरा उतरलेला. दवाखान्यातून पोलिसांना कळवलंय. सात तारखेला सकाळी दहाला हवालदार जबाब घ्यायला घरी येणार आहे.

“अप्पा, आपला कागद क्लिअर आहे हो. टेस्ट रिपोर्ट, सही, शिक्का. तुम्ही एवढंच बोला, बाई ओल्या हातानं मोटरच्या वायरीला गेली. विषय संपला.”

“ती वायरीला गेली नाही, येडू.”

“कोण बघितलंय? तुम्हीच बघितलंय. अप्पा, माझी नोकरी जाईल हो. माझ्या पोरीचं लग्न ठरलंय.” तो खरंच रडकुंडीला आला. “तुम्हीच बोललात, अर्थिंग आहे म्हणून.”

बोललो होतो.

तो गेल्यावर फाइल काढून तो कागद बघत बसलो. खरोखर चांगला कागद आहे. सही ठसठशीत, शिक्का सरळ. यामागे मला सहज उभं राहता येईल. सोसायटीचे लोकही तेच म्हणतात: काका, या वयात कशाला अंगावर घेता. मन त्यांच्याकडे झुकतं. खोटं कशाला लिहू, दुपारभर झुकत होतं.

६ एप्रिल

मकदूमचं काम झालं. त्याने खोल चर खणून पाइपातून वायर नेली, डब्याला झाकण लावलं, मोटरचं वेटोळं नव्याने भरून आणलं. खड्ड्यात नवा कोळसा, नवं मीठ, वर उघडझाप होणारं झाकण. फरशीच्या मध्ये तो चौकोन दिसतो, आणि दिसू दे. ब्रेकरचं बटण त्याने दाबून दाखवलं, खट्‌कन पडला. यंत्र लावून आकडा काढला, तो मला वाचायला लावला आणि मगच कागदावर लिहिला. खाली स्वतःची सही.

“आता खांबाला मिठी मारा,” तो म्हणाला आणि स्वतः तळवा ठेवून उभा राहिला. मोटर चालू होती.

मी हो हो म्हटलं आणि त्याच्यासाठी चहा आणायला आत गेलो. आज तो चहा प्यायला. मी मात्र खांबापासून चार हातांवर उभा होतो, पायात चपला घालून. त्याने ते पाहिलं असावं.

पाचही मित्रांना फोन करून उद्याचं रद्द केलं. कारण सांगितलं. एकजण म्हणाला, “अरे, कामवालीसाठी वाढदिवस मोडतोस?” त्याच्याशी पुढे बोललो नाही.

मायाक्काची खबर काढायला राहतला पाठवलं होतं. उद्या सकाळी सोडणार आहेत. तिने काही निरोप दिला का विचारलं. नाही म्हणाली.

७ एप्रिल

पंचाहत्तर पूर्ण. सकाळी एकट्यापुरते तांदूळ धुतले. धुवण पितळी पातेल्यात घेतलं, झाकण उघडलं, ओतलं. छळ्ळ. मग चुरचुर. या वेळी ते खऱ्या कानांनी ऐकलं.

साडेआठला जबाब लिहायला बसलो. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज लिहिले, स्वतःचा कधी एवढा जड गेला नाही. लिहिलं ते असं: अर्थिंगची तार मी स्वतः कापली. खड्डा मी बुजवला. लायसन्सधारक वायरमनने अंगण तपासायला सांगितले असता मी नकार दिला. सोबतचा पहिला टेस्ट रिपोर्ट तपासणीशिवाय मिळालेला आहे हे तो घेताना मला माहीत होतं. फिटरने अर्थिंगबद्दल विचारलं असता ती आहे असं मी सांगितलं. खांबात करंट येतो अशी सौ. मायाक्का यांनी मला तेवीस मार्चला सूचना दिली होती. तीस मार्चला मला त्याचं कारण कळलं होतं. त्यांचा कोणताही दोष नाही.

‘कळलं होतं’ हे शब्द दोनदा खोडले आणि तिसऱ्यांदा लिहिले. खाली सही केली. येडूचा आणि मकदूमचा, दोन्ही रिपोर्ट जोडले.

दहाला दहा मिनिटं कमी. शर्ट बदललाय. हवालदाराला बसायला खुर्ची, पाण्याचा तांब्या. बोटं टेबलावर तोच ठेका धरतायत, त्यांना गप्प बसवता येत नाही. पुढे काय होईल ते होईल.

दारावर थाप पडली.

हवालदार नाही. मायाक्का आहे.

डाव्या हाताला पांढरं बँडेज, डोक्यावरून पदर, दवाखान्यातून सरळ आलेली. फाटकाबाहेर बिरुदेव मोटारसायकलवर बसून आहे, इंजिन चालूच, तोंड दुसरीकडे. मी ‘ये’ म्हटलं. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“ह्यो म्हनत हुता जाऊ नगं. मी म्हनलं, सोळा वरसं खाल्लंय त्या घरचं, डोळ्यानं बगून येते.” मग माझ्यावरून नजर काढून अंगणाकडे पाहिलं. फरशीतलं झाकण पाहिलं. “खड्डा उगडला व्हय?”

“उघडला. पाणीही घातलं सकाळी.”

“तांदळाचं?”

“तांदळाचं.”

ती म्हणाली, “आज पान्याचा दिस हाय. सांजच्याला पिंपं कोन भरनार? तुमाला हांडा तरी उचलतो का?” मी जबाब तिच्यापुढे धरला, वाचून दाखवू का म्हटलं. तिने हात हलवला. “कागुद ऱ्हाऊ द्या. कागुद त्या येडूनं बी दिला हुता की. तुमी असं करा, मोटर चालू करा. घटकाभर. आनि त्या खांबाला हात लावा. पयलं तुमी. मग मी ठरवते.”

“मकदूमने लावून दाखवलाय,” मी म्हटलं.

“मी मकदूमकडं कामाला न्हाय.”

मी पायाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं.

“चपला काढून, अप्पा.”

चष्मा ठेवून येतो म्हणून मी आत आलो आहे आणि हे लिहितो आहे, म्हणजे पुन्हा तेच चाललंय. ती दारात उभी आहे. एक ओळ होऊन गेली.

चपला काढल्या. गौरम्माच्या निळ्या चपला दारामागून उचलून उंबऱ्यावर ठेवतो, आणि बाहेर जातो.